धुक्याचा आळ चित्रकारांवर का?

प्रतीकवादाचा, म्हणजे वस्तू थेट न सांगता प्रतीकांतून सुचवणाऱ्या पंथाचा, विषय निघाला की आपल्या साहित्यचर्चेत लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुस्ताव्ह मोरो, ओदिलाँ रेदाँ आणि त्यांच्या गोत्रातल्या गूढवादी चित्रकारांनी कवितेला अदृश्याचा दरवाजा उघडून दिला. ते नसते तर कविता वर्णनं आणि भाषणं करत बसली असती. दुसऱ्या तटाला नेमका तोच दरवाजा खुपतो. त्यांच्या मते कवितेतलं धुकं तिथूनच आत आलं आणि तेव्हापासून कवीकडे सांगण्यासारखं काही नसलं की तो स्वप्न, सावली, संध्याकाळ असे शब्द पेरून मोकळा होतो. एक जण आरती ओवाळतो, दुसरा बोटं मोडतो. पण गूढ चित्रांतून निघालं आणि कवितेत शिरलं, हे दोघंही धरून चालतात. हे गृहीतकच मला चुकीचं वाटतं. गूढ बहुतेक वेळा कवितेतून चित्रात गेलं. चित्रांनी कवितेला जे दिलं ते धुक्याच्या अगदी उलट होतं: कडा, पृष्ठभाग, वजन. ज्यांनी हे घेतलं त्यांच्या कविता आजही वाचल्या जातात. ज्यांनी नुसती हवा घेतली ते अभ्यासकांच्या तळटिपांत उरले.

आधी सनावळी पाहू, कारण या वादात ती फारच ढिसाळपणे वापरली जाते. मोरोची सालोमी, म्हणजे नाचाचं बक्षीस म्हणून संत योहानाचं शिर मागणारी बायबलमधली राजकन्या, हे गूढवादी चित्रकलेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. १८७६ च्या पॅरिसच्या सालों या प्रदर्शनात त्याने हेरोद राजासमोर नाचणारी सालोमी मांडली, आणि सोबत ‘दर्शन’ हे जलरंगातलं चित्र: संत योहानाचं छाटलेलं शिर तेजोवलयासकट हवेत तरंगतं आहे, गळ्यातून रक्त ठिबकतं आहे, आणि सालोमी हात लांब करून त्याच्याकडे बोट दाखवते आहे. १८८४ मध्ये ह्युइसमान्सने आपल्या कादंबरीच्या नायकाच्या घरात ही दोन्ही चित्रं टांगली आणि पुढची वीस वर्षं कवींच्या घरोघरी सालोमी नाचू लागली. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण फ्रेंच कवी मालार्मेने ‘एरोदियाद’ ही सालोमीवरचीच कविता लिहायला घेतली ती १८६४ मध्ये, तूर्नों नावाच्या गावात इंग्रजीची मास्तरकी करत असताना. म्हणजे मोरोच्या चित्राआधी बारा वर्षं. त्याच्याही आधी, १८४० च्या दशकात, जर्मन कवी हाइनेने त्या छाटलेल्या शिराचं चुंबन घेणारी हेरोदियास, म्हणजे सालोमीची आई, कवितेत आणून ठेवली होती. मग कुणी कुणाचं घेतलं?

हे एकच उदाहरण असतं तर सोडून दिलं असतं. इंग्रज कवी-चित्रकार दान्ते गाब्रिएल रोझेटीची स्वर्गाच्या कठड्यावरून खाली पाहणारी ती प्रसिद्ध कन्या १८५० मध्ये कवितेत छापून आली. त्यानेच तिचं चित्र रंगवलं ते १८७० च्या दशकात. बेल्जियमच्या फेर्नां ख्नॉफने १८९१ मध्ये कोपरं टेकून शून्यात पाहणारी बाई रंगवली, मागे निद्रादेव हिप्नोसचं पंख असलेलं शिर, पुढे सुकत चाललेली लिलीची फुलं. गूढवादी चित्रकलेच्या कुठल्याही पुस्तकात हे चित्र सापडतंच. त्याचं शीर्षक, ‘मी स्वतःवर दार लावून घेते’, हे त्याच रोझेटीच्या बहिणीच्या, क्रिस्तिनाच्या, कवितेतून उचललेलं आहे. खुद्द ‘प्रतीकवाद’ हे नाव जाँ मोरेआस या कवीने १८ सप्टेंबर १८८६ च्या ‘ल फिगारो’त जाहीर केलं आणि तो जाहीरनामा वाङ्मयाचा होता. चित्रकलेतल्या प्रतीकवादाचा नामवंत सिद्धान्त पाच वर्षांनी, १८९१ मध्ये, चित्रकार गोगँवरच्या लेखात आला. तो लिहिणारा आल्बेर ओरियेही कवीच. चित्रकारांनी कवींना गूढाची दीक्षा दिली म्हणणं ही उलटी गंगा झाली.

मालार्मेचंच घ्या. प्रतीकवादाचा हा मुख्य पुरोहित, वस्तूचं नाव घेतलं की कवितेचा तीन चतुर्थांश आनंद गेला, ती सुचवायची असते, असं १८९१ मध्ये सांगणारा. अशा माणसाची उठबस कुणा ध्यानस्थ चित्रकाराकडे असेल, असं वाटतं ना? तो दहा वर्षं रोज भेटत होता तो मानेला. त्यानेच हे लिहून ठेवलं आहे. माने म्हणजे भर उजेडाचा चित्रकार, ज्याच्या कॅनव्हासवर शिरं तरंगत नाहीत. त्याने मालार्मेने केलेल्या अमेरिकन कवी पोच्या ‘कावळ्या’च्या अनुवादासाठी १८७५ मध्ये चित्रं काढली, पुढच्या वर्षी मालार्मेच्याच ‘फॉन’ या कवितेसाठी काढली आणि त्याच वर्षी मालार्मेचं व्यक्तिचित्र रंगवलं. त्या व्यक्तिचित्रात धूसर असं काही असेल तर तो मालार्मेच्या सिगारचा धूर. १८७६ मध्ये मालार्मेने लंडनच्या मासिकात मानेवर आणि दृकप्रत्ययवाद्यांवर (इंप्रेशनिस्ट चित्रकारांवर) लांबलचक लेख लिहिला. आणि ‘एरोदियाद’ सुरू करताना मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की वस्तू नव्हे, ती जो परिणाम घडवते तो रंगवायचा. क्रियापद चित्रकाराचं आहे, पण त्यात गूढ काय आहे? परिणाम रंगवायचा तर आधी टक लावून बघावं लागतं. त्याची एरोदियाद नाचत नाही. ती दाईशी बोलते, आणि आरशाला म्हणते की तू चौकटीत कंटाळ्याने गोठलेलं थंड पाणी आहेस. त्या आरशाला बोट लावलं तर गारठेल, इतका तो खरा आहे.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते कमकुवत नाहीत आणि त्यांना बगल देऊन हा वाद जिंकण्यात अर्थ नाही. पहिला मुद्दा: सनावळीने प्रभाव मोजता येत नाही. बीज कवितेतलं असेल, पण चित्राने ते वाढवून, रंगवून, लोकांसमोर टांगून परत दिलं, आणि पुढच्या पिढीच्या कवींनी ते चित्रातूनच घेतलं. कबूल. फ्रेंच कवी एरेदियाने ‘जेसन आणि मेडिया’ हे सुनीत मोरोलाच अर्पण केलं आहे, आणि शतकाच्या शेवटी मोरोची रत्नं, मोर आणि राजकन्या छंदात बसवणाऱ्या कवींची रांगच लागली होती. अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेताँने तर लिहिलं आहे की सोळाव्या वर्षी मोरोचं संग्रहालय पाहिलं आणि आपली प्रेम करण्याची रीत कायमची ठरून गेली. रात्री कंदील घेऊन त्या इमारतीत घुसावं असं त्याला वाटायचं. (पोरवयात चित्रसंग्रहालयात चोरी करावीशी वाटणं ही मला तरी कलाप्रेमाची उत्तम परीक्षा वाटते.) यापेक्षा थेट प्रभाव कोणता हवा? पण ब्रेताँचं वाक्य नीट वाचा. त्याला तिथे सौंदर्याचा साक्षात्कार झाला तो ‘काही चेहऱ्यांतून, बायकांच्या काही उभं राहण्याच्या तऱ्हांतून’. परतत्त्व नाही, गुप्तविद्या नाही. चेहरा आणि मान वळवण्याची ढब. आणि मोरोची हवा घेणाऱ्यांचं काय झालं? त्यांची सुनीतं आज वाचली की सराफाच्या दुकानातली यादी वाचल्यासारखं वाटतं. स्वतः मोरोलाही ‘साहित्यिक चित्रकार’ हा शिक्का आयुष्यभर जाचत राहिला. पॅरिसच्या एकोल या कलाशाळेत त्याच्या हाताखाली मातीस आणि रुओ हे चित्रकार शिकले. गूढाचा गुरू असता तर असे शिष्य निघाले असते का?

दुसरा मुद्दा रेदाँचा, आणि तो जास्त अवघड. कारण रेदाँचं काळ्या रंगातलं काम पाहून कुणीही म्हणेल की हे धुकंच आहे. ‘एडगर पोला’ या १८८२ च्या शिलामुद्रणांच्या संचातला पहिला छाप घ्या. एक प्रचंड डोळा वर उडतो आहे. बुबुळ आकाशाकडे वळलेलं, वर पापण्यांच्या केसांची झालर, आणि त्या डोळ्याचा झाला आहे फुगा. खाली दोऱ्या, दोऱ्यांना टांगलेली तबकडी, तबकडीवर अर्धवट दिसणारं डोकं. त्याखाली सपाट समुद्र, आणि अगदी पुढे कोपऱ्यात गवताची रानटी पाती. या चित्राकडे पाहून स्वप्नाळू कविता लिहिणाऱ्यांना पाती दिसत नाहीत, दोऱ्या दिसत नाहीत. पण त्या नसत्या तर तो डोळा उडालाच नसता, नुसता कागदावर पडून राहिला असता. समुद्राची रेघ सरळ आहे म्हणून उंची कळते. रेदाँ बोर्दोत वाढला, आणि त्याचा खरा शिक्षक होता आर्मां क्लाव्हो हा वनस्पतिशास्त्रज्ञ. सूक्ष्मदर्शकाखालचं जग त्याने रेदाँला दाखवलं, आणि पो, बोदलेर, हिंदू काव्य यांची गोडीही त्यानेच लावली. म्हणजे इथेही गूढ आलं ते पुस्तकांच्या कपाटातून, आणि चित्रकाराची स्वतःची कमाई होती पेशीची भिंत, परागकणाचा काटा. रेदाँ म्हणायचा की गारगोटी, गवताचं पातं, हात असं काही काटेकोर उतरवून झालं की मगच कल्पनेला उकळी फुटते. दृश्याचा तर्क अदृश्याच्या सेवेला लावायचा, हे त्याचं सूत्र. सूत्राचा दुसरा अर्धा भाग सगळे पाठ म्हणतात. पहिल्या अर्ध्यावाचून तो चालत नाही.

पहिला अर्धा भाग गाळला की काय होतं, याचा प्रयोगही इतिहासाने करून दाखवला आहे. जोझेफाँ पेलादाँ या गृहस्थाने १० मार्च १८९२ रोजी पॅरिसच्या द्युराँ-र्‍युएल दालनात ‘रोझ-क्र्वा’ या आपल्या गूढवादी पंथाचं पहिलं प्रदर्शन भरवलं. नियमावली वाचण्यासारखी आहे. व्यक्तिचित्र नको, निसर्गचित्र नको, समुद्र नको, फळंफुलं नकोत, पाळीव प्राणी नकोत, विनोद नको. आणि जादूच्या कायद्यानुसार स्त्रियांची कामं तर मुळीच नकोत. डोळ्यांना दिसणारं जवळजवळ सगळं जग हद्दपार. मोरो, रेदाँ, प्युव्ही द शाव्हान या तिघांनीही चार हात लांब राहणं पसंत केलं, यातच सगळं आलं. १८९७ पर्यंत अशी सहा प्रदर्शनं झाली. संगीताच्या बाजूने तिथून एरिक साती निघाला, आणि तोही लवकरच भांडून बाहेर पडला. कवितेच्या बाजूने कोण निघालं? मला तरी एकही टिकलेली कविता आठवत नाही.

आपल्याकडे ग्रेसच्या ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ मध्ये आल्या तेव्हापासून चाललेला दुर्बोधतेचा वाद थोडाफार याच वळणाचा आहे. गूढ आहे म्हणून थोर, गूढ आहे म्हणून बनावट; ओळीत दिसतं काय, हे विचारायला कुणाला सवड नसते. खरं तर आपल्याला हे कळायला पॅरिसला जायची गरज नव्हती. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत चांदणं, चाफा आणि चंदन आहे, अंगाला पोळणारं. त्यांच्याइतका गूढवादी कोण? आणि त्यांच्याइतका डोळस तरी कोण?

तिसरा आणि सगळ्यात भक्कम मुद्दा आयरिश कवी येट्सचा. इथे माझं मत धोक्यात येतं हे मला दिसतं. येट्सचे वडील चित्रकार, तो स्वतः डब्लिनच्या कलाशाळेत शिकलेला, मोरोच्या चित्राची छापील प्रत भिंतीवर लावणारा. १८९० मध्ये तो ‘गोल्डन डॉन’ या गुप्तविद्येच्या मंडळात दाखल झाला, १८९३ मध्ये एडविन एलिसबरोबर इंग्रज कवी-चित्रकार ब्लेकच्या साहित्याचे तीन खंड काढले, १८९८ मध्ये चित्रकलेतल्या प्रतीकांवर निबंध लिहिला. गूढ आणि चित्र त्याच्यात वेगळं काढताच येत नाही. हे सगळं सोंग होतं असंही कुणी म्हणू नये. तो माणूस मनापासून मंत्रतंत्र करत होता. पण या काळातलं त्याचं पीक पाहा. १८९९ च्या ‘वेळूंतला वारा’ या संग्रहात कवितांमागे टिपांचा केवढा फापटपसारा! गुलाब म्हणजे काय, डुक्कर म्हणजे काय, हरीण म्हणजे काय. सुंदर ओळी आहेत, नाकारत नाही; पण प्रतीकाला खुलाशाचं पत्र जोडावं लागत असेल तर ते प्रतीक स्वतःच्या पायावर उभं नाही. पुढे १९०७ मध्ये तो राव्हेन्नाला जातो आणि बायझंटाइन कुट्टिमं (रंगीत तुकडे जडवून केलेली भिंतीवरची चित्रं) पाहतो, १९२५ मध्ये सिसिलीत पुन्हा तशीच पाहतो, आणि पुढच्या वर्षी बायझंटियमच्या प्रवासाची कविता लिहितो. त्यातले ऋषी देवाच्या अग्नीत उभे आहेत, ‘भिंतीवरच्या सोनेरी कुट्टिमासारखे’. त्या कवितेमागे त्याची स्वतःची चंद्रकलांची भली मोठी गूढ मांडणी होती, हा आक्षेप मला ठाऊक आहे. असू दे. त्या मांडणीतली एक ओळही न वाचलेल्या वाचकाला ती भिंत दिसते, काचेच्या इवल्या तुकड्यांत पेटलेलं सोनं दिसतं, सोनाराने घडवलेला पक्षी दिसतो. टीप लागत नाही. तीस वर्षांच्या गुप्तविद्येने जे साधलं नाही ते कारागिराच्या भिंतीने साधलं.

हेच कुट्टिम आपल्याला रशियात घेऊन जातं, आणि माझ्या मते या सबंध वादाचा निकाल तिथेच लागतो. चित्रकार मिखाईल व्रूबेल १८८४ मध्ये कीव्हच्या संत किरिलच्या चर्चमध्ये जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करत होता. तिथल्याच प्रतिमा रंगवण्यासाठी तो व्हेनिसला गेला आणि तिथल्या कुट्टिमकामाकडे महिनोन्‌महिने पाहत राहिला. त्यानंतर त्याचा कुंचला बदलला: रंग वाहत नाही, तुकड्यातुकड्याने बसतो, प्रत्येक तुकड्याला धार. १८९० चा ‘बसलेला दैत्य’ असा घडला आहे. पिळदार देहाचा तरुण गुडघ्यांभोवती हात टाकून बसला आहे, बोटं एकमेकांत अडकवलेली, मागे विझत चाललेली सांज, बाजूला दगडासारखी कडक फुलं. कॅनव्हास दोन मीटरहून रुंद, पण डोकं वरच्या कडेला जवळजवळ टेकलेलं. उभा राहिला तर चौकट फुटेल. दैत्य आला कुठून? रशियन कवी लेर्मोंतोव्हच्या कवितेतून. त्याच्या मृत्यूला पन्नास वर्षं होत आली म्हणून निघालेल्या त्याच्या साहित्याच्या आवृत्तीसाठीच व्रूबेल चित्रं काढत होता. १९०२ मध्ये त्याने कोसळलेला दैत्य रंगवला, मोरपंखी पंखांत ब्राँझची भुकटी मिसळली, आणि प्रदर्शनात टांगल्यावरही सकाळी येऊन तो चेहरा बदलत राहिला. थोड्याच दिवसांत त्याला वेड लागलं. पुढे दृष्टी गेली. १९१० च्या एप्रिलमध्ये तो वारला.

त्याच्या दफनाच्या वेळी बोलला तो कवी अलेक्सांद्र ब्लोक, आणि व्रूबेलला तो कधी भेटलाही नव्हता. त्याच महिन्यात ब्लोकने रशियन प्रतीकवादाच्या स्थितीवर व्याख्यान दिलं आणि त्यात व्रूबेलचे जांभळे-निळे रंग वारंवार आले. विरोधी पक्ष हे व्याख्यान पुरावा म्हणून पुढे करतो: बघा, कवी स्वतः सांगतो आहे. सांगतो आहे खरा, पण काय? ब्लोकचं गूढ आधीच होतं. ‘सुंदर स्त्रीविषयीच्या कविता’ १९०४ मध्ये आल्या आणि ते वेड व्लादिमीर सोलोव्ह्योव्हचं, म्हणजे एका तत्त्वज्ञ-कवीचं. व्याख्यानात तो म्हणतो की, मी चित्र काढत असतो तर असं काढलं असतं: जांभळ्या संधिप्रकाशात प्रचंड पांढरा शवमंच हलतो आहे आणि त्याच्यावर एक मेलेली बाहुली पडली आहे, तिचा चेहरा एके काळी स्वर्गीय गुलाबांतून दिसलेल्या चेहऱ्यासारखा. व्रूबेलच्या रंगांनी त्याला स्वर्ग दाखवला नाही. त्याची देवी बाहुली होती, हे दाखवलं. ज्या चित्रावर गूढवादाचा सगळ्यात मोठा आरोप आहे, त्याच चित्राच्या भाषेत कवी आपल्या गूढाचं शव-परीक्षण करतो आहे.

यावर कुणी म्हणेल, एका व्याख्यानातल्या प्रतिमेवर एवढी इमारत? ठीक आहे, कविता पाहा. जानेवारी १९१८ मधल्या ‘बारा जण’मध्ये जांभळा रंग नाही. काळी रात्र, पांढरा बर्फ, वारा. रस्त्यावर दोरीला संविधान सभेचा भला मोठा कापडी फलक टांगलेला, आणि एक म्हातारी त्याच्याकडे पाहून हळहळते की एवढ्या कापडात पोरांच्या पायांना गुंडाळायच्या किती पट्ट्या झाल्या असत्या. सगळ्या क्रांतीचं माप एका वाक्यात. हे थेट व्रूबेलकडून आलं असा माझा दावा नाही. मधल्या आठ वर्षांत रशियात आणि ब्लोकच्या आयुष्यात बरंच काही घडलं होतं. दावा एवढाच की जांभळ्या धुक्यातून बाहेर पडण्याचं धाडस त्याला गूढवाद्यांनी दिलं नाही. आणि गूढही पूर्ण सुटलं नाहीच. त्या बारा सैनिकांपुढे शेवटी पांढऱ्या गुलाबांचा मुकुट घातलेला ख्रिस्त चालतो. तो तिथे का, यावर तेव्हापासून भांडणं चालू आहेत. खुद्द ब्लोकलाही ते पटत नव्हतं. त्या फेब्रुवारीत त्याने नोंदवून ठेवलं की त्यांच्यासोबत हाच आहे हे भयंकर आहे, असायला हवा होता दुसराच कुणी. म्हातारीच्या पट्ट्यांबद्दल मात्र त्याने कधी शंका घेतल्याचं दिसत नाही.